फुगवट्याच्या काठाकाठानं

पहाटे पावणेसहाला नाशिकच्या अंबडमधल्या गरवारे पॉइंटच्या कोपऱ्यावर जी माणसं उभी असतात, ती सगळी कंपनीच्या बसची वाट बघत असतात. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांवर अर्धी झोप. त्या दिवशी त्या घोळक्यात माझी आत्या उभी होती. अंगात ग्लासगोहून आणलेलं चौकड्यांचं लोकरी जाकीट, पायात पांढरे बूट, हातात थर्मास. ‘कुठल्या कंपनीत लागलात आजी?’ असं एका पोरानं विचारलं, तर ताठ मानेनं म्हणाली, ‘टूरवर निघालेय. प्रायव्हेट.’

ही ‘प्रायव्हेट’ची भानगड मागच्या उन्हाळ्यातली. तिचा धाकटा मुलगा ग्लासगोला असतो. त्यानं तिला एक दिवसाची गाडी करून दिली होती. गाडीत आत्या, तिची सून, आणि पुढं घागरा घातलेला म्हातारा ड्रायव्हर. (त्याला किल्ट म्हणतात हे आत्याला चांगलं ठाऊक आहे, समोरच्याला हसू फुटावं म्हणून ती मुद्दाम घागरा म्हणते.) लॉख लोमंड, लस नावाचं गाव, लॉख कॅट्रिन, डूनचा किल्ला, स्टर्लिंगचा किल्ला, आणि संध्याकाळी परत घरी. तेव्हापासून आमच्या घरात कशावरूनही ‘तिथं कसं होतं सांगू का’ सुरू होतं. शेवटी मीच म्हटलं, आत्या, अंबडहून निघून अशीच एक दिवसाची फेरी करू. तळी आहेत, किल्ले आहेत, गावं आहेत. ती म्हणाली, ‘असतील रे. पण तिथं शांतता होती.’

शांततेसाठी मी पितृपक्ष निवडला. या पंधरवड्यात लोक फारसे बाहेर पडत नाहीत, धरणं भरलेली असतात आणि डोंगरावर सोनकी फुललेली असते. गाडीसाठी आधी एका एजन्सीला फोन केला. त्यांनी मोबाइलवर रंगीत पत्रक धाडलं; त्यावर ‘महाराष्ट्राचं स्कॉटलंड’ असं लिहून खाली जे तळं छापलं होतं, ते नक्की स्कॉटलंडातलंच होतं. आगाऊ पैसे घेतले आणि आदल्या रात्री दहाला ‘गाडी गॅरेजला आहे’ म्हणून कळवलं. पैसे परत यायला अकरा दिवस लागले, ते सोडा. मग गल्लीतल्या एकाच्या ओळखीनं हे ड्रायव्हरदादा मिळाले. आठवडाभर ते एका कारखान्याच्या कामगारांना पाळीप्रमाणे आणतात-सोडतात आणि साप्ताहिक सुट्टीला पिवळ्या पाटीची अर्टिगा घेऊन बाहेरची भाडी मारतात. तीनशे किलोमीटरचं भाडं ठरलेलं, त्यापुढं किलोमीटरमागे वेगळं, टोल आपला, त्यांचं जेवण आपल्याकडं. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं मोजकं. मूळचे इगतपुरी तालुक्यातले. आत्यानं बसल्या बसल्या विचारलं, ‘तुम्ही गाइड पण आहात का?’ ते म्हणाले, ‘नाही मावशी. रस्ता माहीत आहे.’

पाथर्डी फाटा ओलांडून महामार्गाला लागलं, की लगेच पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. पायऱ्या चढायला आत्याचे गुडघे तयार नव्हते, म्हणून गाडीतूनच नमस्कार झाला. पण इथल्या शिलालेखांतली एक गोष्ट मी तिला सांगितली. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळातला लेख आहे. आपल्या आजीनं, गौतमी बलश्रीनं, भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या खर्चासाठी त्यानं पिसाजिपदक नावाचं एक गाव तोडून दिलं. आणखी एका लेण्यातल्या लेखात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या तीन हजार कार्षापणांचा हिशेब आहे: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं, एक हजार पाऊण टक्क्यानं. म्हणजे मुदतठेव काय आणि कारखानदारी काय, इथं नवी नाही. आत्याला व्याजाचा दर आवडला. मला मात्र ते गाव आठवत राहिलं. गावातल्या लोकांना कुणी विचारलं असेल का, की तुमच्या पिकाचा वाटा उद्यापासून डोंगरावरच्यांना जाणार आहे?

विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं, उजाडलं. इगतपुरी तालुक्याला लोक धरणांचा तालुका म्हणतात, ते काही कौतुकानंच म्हणतात असं नाही. दारणा धरण १९१६ सालचं. मग मुकणे, भावली, वाकी, भाम. पश्चिमेला वैतरणा, तिचं पाणी मुंबईला. दारणेचं पाणी गोदावरीतून कालव्यांना, मुकण्याचं विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रातून नाशिकला. सह्याद्रीच्या धारेवर कोसळणारा पाऊस या तालुक्यात थांबतो आणि मग भलतीकडेच जातो. ड्रायव्हरदादांना मी विचारलं, तुमच्या गावाला कुठल्या धरणाचं पाणी? ते आरशातून बघत म्हणाले, ‘आमच्या गावाचं पाणी धरणाला.’

घोटीत चहा झाला. भाताच्या गिरण्यांचं गाव; हंगामात बाजारात शिरलं की नाकाला तुसाचा वास लागतो. अजून भात शेतात होतं. घोटीहून महामार्ग सोडून डावीकडं वळलं, की रस्ता एकदम अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंची खाचरं थेट गाडीच्या दाराशी येतात. लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या, काही शेतं पिवळसर, काही अजून पोपटी. वासाळी, मग बारी. बारीजवळ दादांनी न सांगता गाडी बाजूला घेतली. समोर कळसूबाई. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, माथ्यावरचं देऊळ ढगात. नवरात्रात इथं जत्रा भरते आणि आसपासच्या वाड्यांतल्या बाया लोखंडी शिड्या चढून ओटी भरायला वर जातात. आत्यानं खालूनच हात जोडले. मग म्हणाली, ‘बेन नेव्हिस केवढा आहे?’ मी सांगितलं, १,३४५ मीटर. ब्रिटनमधला सगळ्यात उंच. ती काही बोलली नाही, पण पहिला गुण कळसूबाईला गेला हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

*

शेंडीला पोचेपर्यंत नऊ वाजले होते. भंडारदरा धरण म्हणतो ते या शेंडी गावाला खेटून आहे. हॉटेलांच्या पाट्यांवर ‘आर्थर लेक व्ह्यू’. बाजूच्या टपरीवर मी मुद्दाम विचारलं, आर्थर लेक कुठं? टपरीवाल्याच्या बायकोनं पोराकडं बघितलं. पोरगं म्हणालं, ‘धरण विचारतायत.’

शब्दांची ही गंमत तिकडेही आहे. स्कॉटलंडात तळ्याला लेक म्हणत नाहीत, लॉख म्हणतात. त्यातला ‘ख’ घशातून काढायचा, आपल्याला जड नाही. तिथल्या शेकडो लॉखांमध्ये लेक म्हणून ओळखलं जाणारं एकच प्रसिद्ध तळं आहे, लेक ऑफ मेन्टीथ. आपल्याकडे उलटं. सह्याद्रीच्या या पट्ट्यात जिथं जिथं ‘लेक’ अशी पाटी दिसते, तिथं गावकऱ्यांच्या तोंडी धरण असतं, आणि धरणाच्या मागं पसरलेल्या पाण्याला ते फुगवटा म्हणतात. फुगवटा हा शब्द मला फार नेमका वाटतो. त्यात पाणी आपणहून आलेलं नाही. अडवल्यामुळं फुगून मागं सरकलं आहे, कुणाच्या तरी बांधावर चढलं आहे.

प्रवरेवरचं हे धरण दगडी. काम १९१० साली सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. उंची ८२ मीटरच्या वर. काँक्रीटचे मिक्सर, क्रेन, डंपर असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. घडीव दगड आणि चुना, आणि तो उचलणारी माणसं. साठा ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. हा आकडा नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या, शाळकरी पोरालाही पाठ असतो, कारण दर पावसाळ्यात ‘भंडारदरा किती भरलं’ ही तिथल्या वर्तमानपत्रांची रोजची बातमी. भंडारदरा भरलं म्हणजे खाली ऐंशी-शंभर किलोमीटरवर ऊस पक्का.

धरणाच्या पायथ्याच्या बागेत आत्या बाकावर बसली आणि थर्मास उघडला. छत्री धबधबा चालू होता. धरणाच्या भिंतीतल्या झडपेतून सुटलेलं पाणी एका गोल खडकावर पडतं आणि चारी बाजूंनी छत्रीसारखं पसरतं. सोडलं तर आहे, बंद केलं तर नाही, चावीचा धबधबा. आत्या बशीत ओतलेल्या चहाकडं बघत म्हणाली, ‘गोड झालाय.’ मी म्हटलं, होणारच, साखर इथलीच आहे. इथून निघालेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावर प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडं जातं. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा केला. आशियातला पहिला म्हणून तो शाळेत शिकवतात. पुढं सत्तर वर्षं महाराष्ट्राचं राजकारण ज्या चाकावर फिरलं, त्याची एक चावी ही समोरची. ज्यांची शेतं या फुगवट्याखाली आहेत, त्यांच्या पोरांनी त्याच कालव्याच्या काठी ऊसतोडीला जावं, हे मात्र शाळेत शिकवत नाहीत.

‘ते सगळं खरं,’ आत्या म्हणाली, ‘पण तिथली तळी देवानं केलेली. आपली पीडब्ल्यूडीनं.’

वाक्य झकास होतं आणि मला तिचा हिरमोड करायचा नव्हता, पण राहवलं नाही. ती ज्या लॉख कॅट्रिनवर आगबोटीत बसून फोटो काढून आली, ते तळं म्हणजे ग्लासगो शहराची पाण्याची टाकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्लासगोत पटकीनं माणसं मरत होती. नगरपालिकेनं डोंगर पोखरून पन्नासेक किलोमीटर लांबून या तळ्याचं पाणी आणलं. तळ्याची पातळी त्यासाठी बांध घालून चढवली. १८५९ साली व्हिक्टोरिया राणीनं योजनेचं उद्घाटन केलं. म्हणजे देवानं केलेल्या तळ्यालाही पीडब्ल्यूडीचा हात लागलेला. आणि तिथं सहलीला माणसं का येऊ लागली? तर १८१० साली वॉल्टर स्कॉटनं ‘द लेडी ऑफ द लेक’ हे काव्य त्या तळ्यावर रचलं आणि वाचकांनी घोडागाड्या जुंपल्या. ज्या आगबोटीत आत्या बसली, तिचं नावसुद्धा ‘सर वॉल्टर स्कॉट’. एका कवीनं तळं प्रसिद्ध केलं आणि एका नगरपालिकेनं ते पिऊन टाकलं.

आत्यानं थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. ‘मुलाच्या घरी नळाचं पाणी फार गोड लागायचं,’ एवढंच म्हणाली.

*

शेंडीहून धरणाला वळसा घालणारा रस्ता मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडीला जातो आणि पुढं साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत असा उलट्या काठानं परत शेंडीला येतो. एका दिवसाच्या फेरीसाठी याहून चांगली वाट माझ्या माहितीत नाही. मेच्या शेवटी काजव्यांच्या दिवसांत मात्र इथं येऊ नये. रात्री रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांचीच इतकी रांग लागते की काजव्यांनी लाजून विझावं. पितृपक्षात रस्ता आमचाच होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाचरं, आणि खाचरांच्या वरच्या वरकस जमिनीत खुरासणी फुललेली. हा पिवळा रंग सोनकीच्या पिवळ्याहून वेगळा, जरा गडद, अंड्यातल्या बलकासारखा. आत्याला गाडी थांबवून तो रंग जवळून बघायचा होता. बांधावर एक म्हातारा गवत कापत होता. ‘काय लावलंय हो?’ तर म्हणाला, ‘तेल.’ फूल नाही, पीक नाही, तेल.

आत्याला लस गाव आठवलं. लॉख लोमंडच्या काठी दगडी, पाटीच्या छपरांची बुटकी घरं, प्रत्येक दाराशी गुलाबाचा वेल. पोस्टकार्डावर छापतात ते गाव. ती घरं कुणाची होती माहीत आहे का, मी विचारलं. छपराच्या पाट्या काढायच्या खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या मजुरांसाठी जमीनदारानं बांधलेली. आत्या क्षणभर गप्प झाली, मग जोरात हसली. ‘म्हणजे तिथली सिडको!’ आमचं घर सिडकोतलंच आहे. अंबड-सातपूरच्या कामगारांसाठी बांधलेल्या योजनेतलं, मूळचं दोन खोल्यांचं. त्याच्या दाराशी अजून कुणी पोस्टकार्डासाठी उभं राहिलेलं नाही, पण दीडशे वर्षं थांबायची तयारी ठेवावी.

रतनवाडी आली. गावाच्या तोंडाशी अमृतेश्वराचं देऊळ. शिलाहारांच्या काळातलं, हजार वर्षांच्या आसपासचं. आधी पुष्करणी लागते: चौकोनी, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, भिंतीत देवळ्यांसारखे कोनाडे, त्यांत मूर्ती. देवळाच्या शिखराकडं बघताना मान मोडते. लहान लहान शिखरांच्या उभ्या माळा एकावर एक चढत गेल्या आहेत, मधल्या पट्ट्यांवर कोरीवकाम, आणि हे सगळं या पावसात उभं! घाटघर-रतनवाडीचा पाऊस म्हणजे नुसती सर नव्हे. जुलैत एकेका दिवशी दोन-तीनशे मिलिमीटर, नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ती हीच. दगडावर शेवाळाचे हिरवे-काळे ओघळ उतरले होते. देवळाच्या आतल्या खांबांवर हात ठेवला, तर गार आणि ओलसर, माठाला लावावा तसा.

गाभाऱ्यात पाणी होतं. पावसाळ्यात पिंड पाण्याखालीच असते, हे पुजाऱ्यानं सहज सांगितलं. पाऊस ओसरला की हळूहळू वर येते. आत्यानं पदर खोचला, जाकिटाच्या बाह्या वर केल्या आणि उंबऱ्यावर वाकून ओंजळीनं पाण्यातच बेल सोडला. पान तरंगत गोल फिरत राहिलं. ती बराच वेळ त्या पानाकडं बघत होती. माझ्या काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, जाऊन चार वर्षं झाली. तिथी आदल्याच दिवशी झाली होती. मी बाहेर येऊन चपला शोधायचं नाटक केलं.

देवळासमोर रतनगड. उंची १,२९७ मीटर, माथ्यावर नेढं, म्हणजे सुईच्या भोकासारखं कड्याला आरपार पडलेलं भोक, आणि बाजूला खुट्टा सुळका. चार दरवाजे: गणेश, हनुमान, कोकण, त्र्यंबक. दरवाजांच्या नावांवरून कळतं की हा किल्ला कुणावर नजर ठेवून होता. एक डोळा कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर, एक त्र्यंबकाकडं. पलीकडं अलंग, मदन, कुलंग. आत्या खालून बघत म्हणाली, ‘डूनला कसं, आत भिंती, चुली, जेवणघर, सगळं जागेवर होतं. कानाला लावायला यंत्र देतात, ते सगळं सांगतं.’ डूनच्या किल्ल्यात १९७५ सालच्या एका विनोदी इंग्रजी सिनेमाचं चित्रीकरण झालं होतं; त्यात घोडे परवडले नाहीत म्हणून नारळाच्या करवंट्या आपटून टापांचा आवाज काढला होता. आत्याला त्या राजेमहाराजांपेक्षा करवंट्या जास्त लक्षात राहिल्या आहेत. ‘इथं वर काय आहे?’ तिनं विचारलं. टाकी आहेत, गुहा आहेत, तुटलेली तटबंदी आहे. ‘तुटली कशी?’

तुटली नाही, तोडली. एप्रिल १८१८मध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या तोफांपुढं त्र्यंबकगड पडला आणि मागोमाग नाशिक भागातले किल्ले एकेक करून इंग्रजांच्या हाती गेले. लढाई संपली तरी त्यांना धास्ती डोंगरांची होती: उद्या कुणी पाचशे माणसं घेऊन वर चढून बसलं तर? म्हणून पायऱ्या उडवल्या, टाकी फोडली, दरवाजे पाडले. अलंग-मदनवर आज दोर लावून चढावं लागतं ते त्या सुरुंगांमुळं. हर्षगडच्या, म्हणजे हरिहरच्या, उभ्या पायऱ्या बघून कॅप्टन ब्रिग्ज थक्क झाला होता. त्या तेवढ्या शाबूत राहिल्या. त्या वेळी दख्खनचा कमिशनर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. जन्म १७७९चा, लॉख लोमंडजवळच्या डम्बार्टनचा. वडील एडिंबरोच्या किल्ल्याचे गव्हर्नर. पोराचं लहानपण त्याच किल्ल्यात गेलं. म्हणजे हा किल्लेदाराचा मुलगा, आणि त्याच्या अमलात सह्याद्रीतले किल्ले निकामी झाले. साताऱ्यात बसून मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं गोळा करणारा ग्रँट डफ हाही स्कॉटिशच, बॅन्फचा. त्याचे तीन खंड १८२६ साली निघाले. बरोबर शंभर वर्षांनी इथं धरण उघडलं.

सुरुंगाची ही विद्या त्यांनी आपल्यावर पहिल्यांदा वापरली असंही नाही. लॉख नेसच्या काठावरचा अर्कहार्टचा किल्ला १६९२ साली सरकारी शिबंदीनंच सोडून जाताना उडवून दिला, बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून. आयलिन डोनन १७१९ साली आरमारी जहाजांनी पाडला. आज पोस्टकार्डांवर दिसतो तो विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला. हायलँडमधली खोरीच्या खोरी पुढं मेंढ्यांसाठी माणसांपासून रिकामी करण्यात आली. आत्या ज्या शांततेवर खूश होऊन आली, तिच्यातली बरीचशी अशी झालेली आहे.

या डोंगरातल्या माणसांनी गप्प बसायचं नाकारलं होतं, हेही इथंच सांगायला हवं. राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचा, महादेव कोळी. सावकार आणि कंपनी सरकार या दोघांविरुद्ध त्यानं बंड केलं. पायऱ्या नसलेले कडे त्याला आणि त्याच्या माणसांना अडवत नव्हते. अडले ते पाठलाग करणारे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं.

*

जेवण एका वाडीतल्या घरी सांगून ठेवलं होतं. शेणानं सारवलेली ओटी, पत्र्याचं छप्पर, दारात खाटेवर वाळत घातलेला हिरडा. तांदळाची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि शेवटी वाफाळता भात. भाताचा वास ताटाआधी आला. घरधनीण म्हणाली, काळभात. हे जुनं वाण आहे. मधल्या काळात संकरित भातानं मागं सारलेलं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी वाणं गाडग्या-मडक्यांत राख घालून जपली, त्यांची घरातच बँक केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरधनिणीनं त्यांना एकदा समोर बसून ऐकलं होतं. ‘त्या सांगत्यात ते आमची सासू पण सांगायची,’ ती म्हणाली, ‘पण सासूचं कोण ऐकतंय?’

आत्या आणि ती अशी काही जुळली, की मी आणि ड्रायव्हरदादा ओटीवर विसरले गेलो. आतून ऐकू येत होतं ते असं. आत्या: तळ्याकाठी घर, भाग्यवान बाई तू. ती: तळं खाली आहे ना आत्याबाई, घर वर. आत्या: मग पाणी? ती: पावसाळ्यात पागोळ्यांचं. होळीनंतर झऱ्यावरचं, वाटीवाटीनं भरायचं. मोटर लावली की बिल कुणी भरायचं? मग काहीतरी कुजबुज आणि दोघींचं हसू. निघताना आत्यानं दोन किलो काळभात मागितला. भाव ऐकून मी जरा दचकलो. आत्यानं न बोलता पैसे मोजले आणि वर पोरीच्या हातावर शंभराची नोट ठेवली. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटं घालवणारी बाई ही.

साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंतच गेलो. पावसाळ्यात आत उतरत नाहीत. घाटघरच्या कड्यावर मात्र पाय निघेना. इथं सह्याद्री एकदम संपतो आणि खाली कोकण. ढग आपल्या खालून वर येतात, तोंडावर गार पाणी मारतात आणि निघून जातात. इथंच २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे, २००८ सालचा. रात्री विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी वर खेचायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. डोंगराच्या पोटात जनित्रं. स्कॉटलंडात लॉख ऑ-च्या काठी क्रुअॅखन डोंगर असाच पोखरला आहे, १९६५ साली. तिकडं तो पोकळ डोंगर तिकीट लावून दाखवायचे. इकडं फाटकावर ‘प्रवेश निषिद्ध’. ड्रायव्हरदादा कड्याच्या कठड्याला टेकून म्हणाले, ‘पाण्याला पण दोन पाळ्या.’ दिवसभरात त्यांनी आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य.

परतीला उत्तरेच्या काठानं आलो. उडदावण्याच्या पुढं गुराख्यांनी गुरं रस्त्यावर आणली होती, त्यांच्या चालीनं पंधरा मिनिटं गाडी चालली. आत्या मागं डोकं टेकून बसली होती, मांडीवर भाताची पिशवी. मी विचारलं, कशी झाली टूर? ‘तिथं ड्रायव्हरला टिप द्यावी लागते,’ ती म्हणाली. ‘इथं देऊ का? राग येईल का त्यांना?’ हे ती कुजबुजली असं तिला वाटलं. दादांनी आरशातून ऐकलं आणि हसून म्हणाले, ‘मावशी, द्यायचंच तर तो भात थोडा द्या. घरी म्हातारी आहे. तिला त्याचा वास आवडतो. आमच्याकडं पूर्वी व्हायचा.’

आत्यानं तिथल्या तिथं पिशवी सोडली. गाडीत दुसरी पिशवी मिळेना, तेव्हा तिनं ते ग्लासगोचं जाकीट ठेवायला आणलेली प्लॅस्टिकची थैली रिकामी केली आणि अदमासानं निम्मा भात तीत ओतला. थोडे दाणे सीटवर सांडले; ते तिनं एकेक करून वेचले.

घोटी ओलांडली तेव्हा अंधार पडला होता. महामार्गावर मुंबईहून परतणाऱ्यांची रांग. मुंढेगावच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी दादांनी वेग जरा कमी केला. डाव्या हाताला दिवे संपले होते, नुसता काळा पट्टा.

‘तिकडं आमचं जुनं गाव,’ ते म्हणाले. ‘घरापुढं विहीर होती. दगडी, बांधलेली.’

आत्यानं काच खाली केली, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ बाहेर बघितलं.

‘काहीच दिसत नाही रे बाबा.’

‘आत्ता नाही दिसायची मावशी. मे महिन्यात दिसते.’